गूळपाणी आणि सहा ठोकळे

माझं अख्खं नोकरीचं आयुष्य ठोकळे फोडण्यात गेलं. आधी स्वतःच्या हातानं काँक्रीटचे ठोकळे करायचे, त्यांना अठ्ठावीस दिवस पाण्यात सांभाळायचं आणि मग यंत्रात घालून फोडायचे. आमच्या सौभाग्यवती एकदा माझा हा उद्योग बघायला आल्या आणि घरी गेल्यावर म्हणाल्या, "लेकरं मातीचे बैल करते अन् मोडते, त्याईले कोणी पगार नाई देत. तुमाले कावून देते?"

आता भिलाईतल्याच नेहरू नगरात राहतो. शेजारच्यांना वाटतं, हा म्हातारा भिलाईच्या कारखान्यात होता म्हणजे लोखंड ओतत असणार. मी त्यांना सांगतो, बाबांनो, लोखंड नंतर आलं. मी आलो तेव्हा इथं धान काढून घेतलेली मोकळी शेतं होती, धूळ होती आणि खड्डे होते. एकेक खड्डा एवढा की आमचं भंडाऱ्याकडचं गाव देवळा-विहिरींसकट त्यात मावलं असतं. त्या खड्ड्यांमध्ये काँक्रीट भरायचं आणि त्याच्यावर भट्ट्या, खांब, क्रेन उभ्या करायच्या. भट्टी सगळ्यांना दिसते. तिच्या पायाखालचं कोणाला दिसत नाही, आणि मी त्या न दिसणाऱ्याचा चौकीदार होतो.

काम तसं सोपं आहे. काँक्रीट ओतलं जात असताना त्यातलं थोडं घमेल्यात घ्यायचं आणि सहा इंची लोखंडी साच्यात तीन थरांनी भरायचं. प्रत्येक थराला सळईचे पस्तीस ठोसे, चौतीस नाही आणि छत्तीस नाही. दुसऱ्या दिवशी साचा उघडायचा, ठोकळ्यावर नंबर टाकायचा आणि हौदात सोडायचा. काही ठोकळे सातव्या दिवशी फोडायचे, बाकीचे अठ्ठाविसाव्या. यंत्राचा काटा कुठवर चढला ते रजिस्टरमध्ये लिहायचं. काटा हवा तेवढा चढला नाही, तर जमिनीतलं ते काँक्रीट फोडून काढायचं. माझा पुतण्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर हेच काम करतो. तो म्हणतो, काका, आमच्याकडे एका ठोकळ्यामागे कागदांची चळत असते. आमच्याकडे एकच रजिस्टर होतं, लाल कापडी पुठ्ठ्याचं, आणि त्याला सगळे टरकून असायचे.

ठेकेदारांची माणसं तर जास्तच. म्हणून वेळ आलीच तर अदलाबदल करायला ते स्वतःचे ठोकळे गुपचूप वेगळे करून ठेवत. त्यात सिमेंट सढळ हातानं, रेती धुतलेली, गिट्टी वेचलेली, वर ओलं पोतं. आम्ही त्यांना 'जावई' म्हणायचो, कारण घरात दुसऱ्या कोणाचे एवढे लाड होत नसत. आमच्या भागातल्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला सगळे मुन्शीजी म्हणत. माणूस गोड बोलायचा आणि त्याच्या शेडमागे दोन-चार जावई कायम पाहुणचार घेत पडलेले असायचे. मी आलो की तो त्यांच्यावर पोतं ओढायचा आणि मीही न पाहिल्यासारखं करायचो. पाहिलं आणि त्यांनी ते वापरले नाहीत, तर तक्रार तरी कशाची करणार?

माझे साहेब म्हणजे देवस्थळे, आमच्या प्रयोगशाळेचे इंजिनिअर. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची लांबट शेड. साहेब रायपूरच्या जुन्या मराठी घरातले, उंच, काटकुळे, कमी बोलणारे. त्यांचा एकच नियम होता, "गणवीर, दिसलं ते लिहा. वाटलं ते घरी जाऊन सांगा." मी त्यांच्याकडे कच्च्या नोकरीवर होतो. त्यांच्या एका चिठ्ठीनं कायम झालो असतो आणि एका चिठ्ठीनं घरी गेलो असतो.

आता त्या जयंतीचं सांगतो. कोणाची ते मराठी माणसाला सांगायला नको. नागपूरला जाऊन आम्ही दीक्षा घेतली, त्यानंतरची ती दुसरी जयंती. साइटवर विदर्भातली आमची साठ-सत्तर माणसं होती. कोणी फिटर, कोणी जड सामान उचलून बसवणारे खलाशी, पुष्कळसे मजूर. सुट्टी मिळणार नव्हती, कारण काम तीन पाळ्यांत चालू होतं. मग भाऊराव म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत इथंच करू. भाऊराव मिक्सर चालवायचे. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, गोंदियाजवळचे, आणि आमच्या सगळ्यांचे आपोआप झालेले वडीलधारे. मिक्सरचा आवाज बंद असला तरी ते तेवढ्याच जोरात बोलायचे.

मिक्सरशेजारच्या पत्र्याच्या सावलीत फोटो ठेवला, झेंडूच्या माळा घातल्या, वंदना म्हटली. आणि प्रसाद म्हणावा तर तो शब्द आता आमच्यात चालत नव्हता, म्हणून नुसतं गूळपाणी केलं. एप्रिलमधलं भिलाईचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना गूळपाण्याची किंमत कळेल. तो ड्रम मी स्वतः निवडला. मिक्सरला पाणी पुरवणाऱ्या ड्रमांतलाच एक, मी तो राखेनं तीनदा घासून घेतला. गूळ मी फोडला, वेलदोडा भाऊरावांनी कुटला. आमचे लोक प्याले, छत्तीसगढी रेजा, म्हणजे मजूर बायका, प्याल्या, तेलुगू खलाशी प्याले, मुन्शीजी दोन ग्लास प्याले आणि मिशी पुसत म्हणाले, "वाह गणवीर बाबू, कलेजा ठंडा हो गया." मला त्या दिवशी इतकं बरं वाटत होतं की भोंगा झाला तेव्हा कामावर जायला मी जवळजवळ पळतच निघालो. ड्रमच्या तळाशी चार बोटं गूळपाणी उरलं होतं. भाऊरावांनी विचारलं, "हे सांडून देऊ का?" मी म्हटलं, "राहू द्या, पाळी सुटल्यावर कोणी तरी पिऊन घेईल. मी करतो साफ." आणि विसरलो.

दुपारी एका खांबाच्या पायाचा वरचा थर ओतला. रोलिंग मिलच्या शेडचा खांब, त्याच्यावरून क्रेन धावायची होती. मी सहा ठोकळे भरले. सळईचे पस्तीस ठोसे तालात बसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साचे उघडायला बसलो. पहिल्या साच्याचा बोल्ट सैल केला, तर ठोकळ्याची कड माझ्या अंगठ्याखाली दबली. एप्रिलमध्ये, जिथं काँक्रीट तासाभरात हट्टाला पेटतं, तिथं वीस तासांनी ते मऊ होतं, ओल्या बेसनासारखं. मी तो साचा तसाच परत आवळला. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सहाच्या सहा तसेच. आदल्या सकाळच्या मालाचे ठोकळे मात्र शेजारीच टणक होऊन बसले होते.

मी साइटवर गेलो. सिमेंट तेच, रेती तीच, गिट्टी तीच. मग पाण्याच्या ड्रमांकडे पाहिलं. तीन ड्रम स्वच्छ होते. चौथ्याच्या काठावरून मुंगळ्यांची रांग खाली उतरत होती आणि मिक्सरच्या तोंडापर्यंत गेली होती. मी बोट बुडवून चाटलं. अगदी पुसट, पण गोड.

ड्रम भरायचं काम सुकवारोबाईकडे होतं. ही कुम्हारीकडची छत्तीसगढी रेजा, नाकी-डोळी नीटस, दिवसभरात एक शब्द बोलली तर बोलली. मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो, "हा ड्रम भरायला तुला कोणी सांगितलं?" तिनं घडा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "मोला का मालूम, साहब? ड्रम खाली दिखिस, त पानी भर देंव." तिचं काय चुकलं होतं? रिकामा दिसला की भरायचा, हेच तर तिचं काम. ड्रम मी घेतला होता, मीच तिथं ठेवला होता आणि धुवायचा मी विसरलो होतो. आज इतक्या वर्षांनी या गोष्टीतलं दुसरं काहीच मला बोचत नाही, पण ते ओरडणं बोचतं. तिची माफी मी मागितली, पण ओरडलो सगळ्यांसमोर आणि माफी मागितली एकटीला गाठून. हे बरोबर नव्हतं.

तोवर मुन्शीजींच्या कानावर गेलंच होतं. ते मला शेडमागे घेऊन गेले आणि पोतं बाजूला केलं. सहा जावई एका ओळीत बसले होते. म्हणाले, "इतनी सी बात है, गणवीर बाबू. नंबर डाल दो, किसी को कानोंकान खबर नहीं होगी." त्यांचाही स्वार्थ होता, पाया फोडावा लागला तर काम त्यांचं खोळंबणार होतं. पण आवाजात खरीच काळजी होती, हेही सांगितलं पाहिजे. आदल्या दिवशीचं गूळपाणी अजून त्यांच्या पोटात होतं.

भाऊराव तर मला मिक्सरमागे ओढूनच घेऊन गेले. त्यांना कळलं होतं की मी लिहिणार. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले. "पाय गणवीर, तू हे लिवलं ना, तर पुढच्या वर्षी इथं जयंती नाई होत. साहेब लोक मनतील, ह्या लोकाईले एक दिवस मोकळा देला तर कारखान्याचा पायाच नासवला. एका ठोकळ्यापायी तू साऱ्याईचं नाक कापून राहिला."

"एक नाही भाऊ, सहा आहेत."

"सहा का साठ! तुले नोकरीवरून काढून टाकतील ते येगळंच. मुन्शी देऊन राहिला ना चांगले ठोकळे? मंग?"

ते म्हणत होते ते सगळं मलाही वाटत होतं. नोकरीची भीती होतीच. पण तिच्याहून मोठी भीती ही होती की आमच्या जयंतीचं नाव आणि नासलेला पाया हे दोन्ही एका वाक्यात येतील आणि ते वाक्य माझ्या हातचं असेल. दुसरीकडे, मुन्शीजींचे ठोकळे एकदा घेतले की त्यांचा प्रत्येक जावई पुढं मला खांद्यावर मिरवावा लागला असता. आणि त्या खांबावरून क्रेन जाणार होती. तिच्याखाली कोण उभं असेल, हे मला चांगलं माहीत होतं. आमचेच साठ-सत्तर जण.

मी शेडमध्ये आलो आणि लिहिलं. रजिस्टर इंग्रजीत असायचं. 'सहाही नमुने वीस तासांनंतर जमले नाहीत. मिसळायच्या पाण्यात गुळाचा अंश. मजुरांसाठी केलेल्या गोड पाण्याचा ड्रम न धुता वापरात आला. जबाबदारी माझी.' खाली सही केली. जयंतीचं नाव लिहिलं नाही. वाटलं, खोटं तर लिहिलेलं नाही, आणि भाऊरावांचंही मन थोडं राखलं गेलं.

देवस्थळे साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"साखरेनं सिमेंट उशिरा जमतं, हे मी पुस्तकात वाचलंय," ते म्हणाले. "गुळाबद्दल त्यात काही नाही. किती होता?"

"तळाशी चार बोटं पाणी होतं, साहेब. वरून ड्रम पूर्ण भरला. त्यातून मिक्सरचे आठ घाणे निघाले."

त्यांनी कागदाच्या कडेला गणित मांडलं. बराच वेळ मांडत होते. मग म्हणाले, "तुमची नोंद अपुरी आहे."

"साहेब?"

"साइटवर गोड पाणी आलं कशासाठी? उद्या माझ्या जागी दुसरा माणूस बसेल आणि हे वाचेल. त्याला कळायला नको, की असं पुन्हा कधी होऊ शकतं?"

साहेबांच्या घरात आमच्याविषयी काय बोललं जातं हे मला माहीत नव्हतं, आणि जे माहीत नव्हतं ते मी वाईटच धरून चाललो होतो.

"काल जयंती होती, साहेब."

"मग तसं लिहा."

जयंतीला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला सुचेना. मी रोमन अक्षरांत जयंतीच लिहिलं. साहेबांनी सही केली आणि टोपी उचलली. "चला, बघू तुमचा पाया."

तिथं त्यांनी खिशातून एक लांब खिळा काढून काँक्रीटवर टेकवला. खिळा बोटभर आत गेला. मुन्शीजींची माणसं पहारी घेऊन तयारच होती. फोडायचंच असेल तर मऊ असतानाच फोडलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. साहेबांनी हात वर केला आणि हिंदीत बजावलं, "कोणी हात लावायचा नाही. जमायला उशीर होतोय म्हणजे जमणारच नाही असं नाही. अठ्ठावीस दिवस थांबू. ठोकळे नापास झाले तर हा थर फोडायचा." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "आणि तसं झालं गणवीर, तर तुम्हाला ठेवता येणार नाही. मला ते आवडणार नाही, पण करावं लागेल."

म्हणजे माझी नोकरी त्या सहा ठोकळ्यांत होती, आणि भाऊरावांच्या मते पुढच्या सगळ्या जयंत्यासुद्धा.

तिसऱ्या दिवशी खिळा आत जायचा थांबला. मी साचे उघडले. ठोकळ्यांचे कोपरे जपत, तान्ह्या बाळाला आंघोळ घालावी तसे त्यांना हौदात सोडले. सातव्या दिवशी तीन फोडले. काटा सकाळच्या ठोकळ्यांपेक्षा बराच खाली राहिला. साहेब म्हणाले, "हं." त्या एका 'हं'वर मी पुढचे एकवीस दिवस काढले. भाऊराव माझ्याशी कामापुरतं बोलत, तेही हातवारे करून.

त्या दिवसांत एक गोष्ट मी पाहिली. ओतलेल्या काँक्रीटवर ओली पोती टाकून ती सतत भिजत ठेवावी लागतात, नाही तर वरचा भाग उन्हानं तडकतो. मे महिन्यात पोतं अर्ध्या तासात वाळतं. त्या पायावरचं पोतं मी कधीच वाळलेलं पाहिलं नाही. दिवसभर जाता-येता सुकवारोबाई त्यावर घडा रिता करायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी जे बोललो होतो त्यानंतर तर सांगायचं मला तोंडही नव्हतं. एकदा मी तिला थांबवून म्हटलं, "बाई, त्या दिवशी चुकलं माझं." तिनं घडा दुसऱ्या कडेवर घेतला आणि पायाकडे बोट दाखवत म्हणाली, "जाए दे साहब. एला पक्का होवन दे." एवढं बोलून ती पुढच्या फेरीला गेली.

अठ्ठाविसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी उरलेले तीन ठोकळे बाहेर काढले. शेडच्या दारात भाऊराव उभे होते. त्यांच्यामागे आमची वीस-पंचवीस माणसं, आणि त्यांच्याही मागे मुन्शीजी टाचा उंचावून. साहेब कोणाला आत येऊ देत नसत, पण त्या दिवशी दाराकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पहिला ठोकळा यंत्रात ठेवला आणि दांडा मारायला लागलो. काटा सातव्या दिवसाच्या खुणेपर्यंत आला आणि तिच्यापुढं निघाला. लागतो तेवढा आकडा आला, तोही मागं पडला. सकाळच्या ठोकळ्यांनी दिलेला आकडा आला आणि काटा अजून चढत होता. मग ठोकळा फुटला, आणि असा आवाज झाला की दारातली माणसं दोन पावलं मागं सरली. कच्चा ठोकळा कुरकुरत बसतो, पक्का बंदुकीसारखा वाजतो. दुसरा तसाच वाजला, आणि तिसरा त्याहून मोठ्यानं.

साहेब काट्याकडे बघत राहिले. "हळू जमलेलं पुढं जास्त पक्कं होतं," एवढंच म्हणाले. मी रजिस्टरात आकडे लिहिले. मागं भाऊराव त्यांच्या नेहमीच्या आवाजात दारातल्या सगळ्यांना सांगत होते, "म्या तर पयल्याच दिवशी मनलं होतं का लिवून टाक मनून!" मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. ते नुसतं हसण्याचं नव्हतं. खांब तिथं उभा राहिला, त्याच्यावरून क्रेन धावली. पुढच्याच महिन्यात मी कायम झालो.

पण माझ्या मनातली एक धास्ती गेली नव्हती. रजिस्टरात लिहिलेला तो शब्द. पुढच्या वर्षी जयंतीच्या दहा दिवस आधी प्रयोगशाळेतून एक सूचनापत्र निघालं, आणि ते पाहून मला वाटलं, झालं, भाऊरावांचं खरं झालं. देवस्थळे साहेबांच्या सहीचं, टाइप केलेलं. मी उभ्यानंच वाचलं. 'जयंतीनिमित्त साइटवर होणाऱ्या कार्यक्रमासाठी दोन नवे, पांढऱ्या रंगाचे ड्रम विभागातर्फे देण्यात यावेत. ते मिक्सरपासून पन्नास फुटांच्या आत ठेवू नयेत. कार्यक्रम संपेपर्यंत प्रयोगशाळेचा एक सहायक तेथे हजर राहील व ही हजेरी कामाची समजली जाईल.' त्या साइटवर मी वाचलेल्या कागदांत आमच्या जयंतीचं नाव असलेला तो पहिला सरकारी कागद. भाऊरावांनी माझ्याकडून तो तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा वाचताना मध्येच मला थांबवून म्हणाले, "ते कामाचं समजल्या जाईल, ते पुन्हा वाच."

सहायक अर्थात मीच होतो. त्यानंतर बांधकाम चालू असेतो प्रत्येक जयंतीला मी रीतसर ड्यूटीवर, पांढऱ्या ड्रमाशेजारी खुर्ची टाकून. त्या पहिल्या वर्षी वंदना झाली, भाऊरावांनी पहिला ग्लास माझ्या हातात दिला, मी तो उभ्यानं रिकामा केला. मग ड्यूटी ती ड्यूटी, लाल रजिस्टर उघडलं आणि दिवसाची नोंद केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'नमुना घेतला. गोड आहे.' दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती ओळ वाचली, पेनाचं टोपण काढलं आणि काही न खोडता खाली सही केली.